रात्रीची गाडी: तिकिटापासून पहाटेच्या स्टेशनापर्यंत

रात्रीच्या गाडीत झोप लागणार की नाही, हे बरंचसं तिकीट काढतानाच ठरून जातं. गाडी कोणती, ती तुमच्या गावी किती वाजता पोचते, बर्थचा नंबर काय आणि तो डब्यात कुठे येतो, एवढं जमलं की साध्या स्लीपरमध्येही सलग सहा तास डोळा लागतो. ते चुकलं तर टू एसीचे पैसे मोजूनही माणूस तांबारलेल्या डोळ्यांनी उतरतो. इथे मुख्यतः मुंबई-पुण्याहून कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ आणि कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या एका रात्रीच्या प्रवासाचा विचार केला आहे.

आधी उतरायची वेळ बघा

बहुतेक जण गाडी सुटायची वेळ बघून तिकीट काढतात. बघायची असते ती पोचायची वेळ. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान उतरवणारी गाडी सगळ्यात चांगली. मुंबईहून कोल्हापूरला महालक्ष्मी, सोलापूरला सिद्धेश्वर, नागपूरला दुरांतो या गाड्या वर्षानुवर्षं भरून जातात त्या याच कारणाने. पण गाडी एकच असली तरी प्रत्येक स्टेशनाचा हिशेब वेगळा असतो. कोकणकन्येने मडगावला जाणाऱ्याची रात्र पुरी होते, चिपळूणला उतरणाऱ्याची मात्र अर्ध्यावर मोडते, कारण तिथे गाडी पहाटेच्या अंधारातच येते. चिपळूणकराने म्हातारी माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर सकाळची मांडवी धरावी.

दुसरी गोष्ट, शक्यतो तुमच्या शहरातूनच सुटणारी गाडी घ्या. तिथून सुटणारा रेक (म्हणजे गाडीच्या डब्यांची जोडलेली रांग) यार्डातून धुऊन, पाणी भरून येतो आणि साधारण अर्धा तास आधी फलाटाला लागतो. सामान लावायला, बर्थ नीट करायला वेळ मिळतो. उत्तरेकडून एक रात्र काढून आलेली आणि पुढे दक्षिणेला जाणारी गाडी घेतली, तर संडास वापरून वापरून खराब झालेले असतात, टाकीतलं पाणी तळाला गेलेलं असतं, तुमच्या बर्थवर कुणीतरी आडवं झालेलं असतं आणि गाडी दोन तास उशिरा असण्याची शक्यताही मोठी. शे-दीडशे रुपये वाचतात म्हणून अशी गाडी घेऊ नये.

कोकणाच्या प्रवाशांनी पावसाळी वेळापत्रक वेगळं पाहावं. जूनच्या मध्याच्या आसपास ते लागू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं. दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे वेळा बदलतात, काही गाड्यांच्या तर तासाभराहून जास्त. नेमक्या तारखा दर वर्षी जाहीर होतात, त्या तिकीट काढतानाच तपासून घ्या.

मध्यरात्रीनंतरची तारीख

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. दादर-सावंतवाडी तुतारी एक्सप्रेस रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. १५ तारखेला रात्री जेवून घराबाहेर पडणाऱ्याला तिकीट १६ तारखेचं हवं. १५ चं काढलं असेल तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते आणि पैसेही जातात. ज्या गाडीची वेळ ००:०० ते ०४:०० मध्ये आहे, तिच्या तिकिटावरची तारीख आणि वार घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

तत्काळला या तारखेचा वेगळाच पेच असतो. तत्काळचं आरक्षण गाडी तिच्या मूळ स्टेशनातून सुटते त्याच्या आदल्या दिवशी उघडतं. एसीसाठी सकाळी १० ला, स्लीपरसाठी ११ ला. सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईहून रात्री साडेदहानंतर सुटते आणि पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. म्हणजे १५ च्या पहाटे पुण्यात चढणाऱ्यासाठी गाडी सुटते १४ ला आणि तत्काळ उघडतं १३ ला. पुणेकर १४ ला सकाळी बसतो, तेव्हा जागा संपलेल्या असतात. नेहमीच्या आरक्षणाची मुदत आता ६० दिवस आहे. तीही गाडीच्या मूळ स्टेशनातल्या तारखेवरूनच मोजतात. गणपतीत कोकणात जायचं असेल तर चतुर्थीच्या आधीच्या दिवसांचे ६० दिवस उलटे मोजून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी ८ च्या आधी तयार राहा. आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा, नाहीतर तत्काळ ऑनलाइन निघत नाही. पक्कं झालेलं तत्काळ तिकीट स्वतः रद्द केलं तर काही परत मिळत नाही, हेही धरून चाला.

नंबरावरून बर्थ ओळखणं

स्लीपर आणि थ्री एसीत आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. नंबराला आठने भागा आणि बाकी बघा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ तर मिडल, ३ किंवा ६ तर अप्पर, ७ उरली तर साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे ४३ हा अप्पर, ५८ मिडल, ३१ साइड लोअर, ६४ साइड अप्पर. टू एसीत मिडल नसतो, म्हणून भागायचं सहाने: १ आणि ३ लोअर, २ आणि ४ अप्पर, ५ साइड लोअर, पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. फर्स्ट एसीत हे गणित लागत नाही. तिथे दोघांचा कूपे की चौघांची केबिन, ते चार्ट, म्हणजे कुणाला कोणती जागा याची शेवटची यादी, लागतानाच ठरतं.

नंबरावरून डब्यातली जागाही कळते. नव्या एलएचबी स्लीपरमध्ये ८० बर्थ असतात, जुन्या निळ्या आयसीएफ स्लीपरमध्ये ७२. थ्री एसीत एलएचबीला ७२ आणि आयसीएफला ६४. डब्याच्या दोन्ही टोकांना दार आणि संडास, आणि त्यांच्या जवळच खाली चाकांची बोगी. म्हणून १ ते ८ आणि शेवटचे आठ नंबर सगळ्यात वाईट. रात्रभर दार आपटतं, दिवा डोळ्यांवर येतो, वास येतो आणि रुळांचे सांधे पाठीत जाणवतात. डब्याच्या मध्यावरचे ३३ ते ४८ हे नंबर सगळ्यात शांत. नंबर निवडायची सोय नाही, फक्त लोअर-अप्पर अशी पसंती देता येते. पण गाडी रिकामी असताना लवकर तिकीट काढलं आणि टोकाचा बर्थ आला, तर दुसरं काढून पहिलं रद्द करायचं की नाही हे निदान माहितीने ठरवता येतं.

आता कुणी कोणता बर्थ घ्यावा. एकट्या धडधाकट माणसाने अप्पर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी सातला झोपायचं म्हटलं तरी कुणाला उठवावं लागत नाही आणि सकाळी कुणी तुम्हाला उठवत नाही. जवळची बॅगही उशाशी राहते. अडचणी दोन: मे महिन्यात स्लीपरचा अप्पर मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, कारण वर पत्र्याचं छप्पर, आणि एसीत थंड हवेचा झोत थेट अंगावर येतो. मिडल हा तिघांतला सगळ्यात गैरसोयीचा बर्थ. दिवसा तो उघडता येत नाही, रात्री त्यात ताठ बसता येत नाही. लोअर म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला, गुडघे दुखणाऱ्याला आणि लहान मूल घेऊन जाणाऱ्याला. साइडचे बर्थ लांबीला कमी असतात. पावणेसहा फुटांपेक्षा उंच माणसाला पाय दुमडूनच झोपावं लागतं. साइड लोअरला आणखी एक खोड आहे. दोन खुर्च्यांच्या पाठी पाडून तो तयार होतो आणि मधला सांधा बरोबर कमरेखाली येतो. नव्या डब्यांत खिडकीच्या बाजूला एक सरकती गादी दिलेली असते, ती त्या सांध्यावर ओढून घ्यायची. अनेकांना ती आहे हेच ठाऊक नसतं. ती नसेल तर चादरीची चौपदरी घडी कमरेखाली घाला.

ज्येष्ठांच्या लोअर बर्थबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही लोअर बर्थ राखीव असतात. पण तिकिटावर एकटा किंवा फार तर दोघंच असतील आणि दोघंही त्या वयात बसत असतील, तरच संगणक त्यातून जागा देतो. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातू असं पाच जणांचं एकच तिकीट काढलं की हा लाभ गेला, आणि मग आजोबांच्या वाट्याला मिडल येतो. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं, त्या कोट्यातून काढा. डबा वेगळा येण्याचा धोका आहे, पण बाकीच्यांनी रात्री एक फेरी मारून यावं. ते आजोबांनी मिडलवर चढण्यापेक्षा बरं. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा तिकीट पूर्ण दरानेच पडेल. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचंही भाडं पूर्ण. बर्थ नको असेल तर अर्धं.

वेटिंग वाचायला शिका

वेटिंग २० म्हणजे काय हे त्याच्या आधीच्या अक्षरांवर आहे. जीएनडब्ल्यूएल ही गाडीच्या मूळ स्टेशनापासूनची किंवा त्याच्या जवळपासची यादी. ती सगळ्यात भराभर सरकते. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल या मधल्या स्टेशनांच्या याद्या, त्यांच्या वाट्याला बर्थच थोडे, म्हणून १० नंबरसुद्धा अडकून बसतो. तत्काळची टीक्यूडब्ल्यूएल तर क्वचितच पुढे जाते. यावर सरळ, नियमात बसणारा उपाय आहे: तिकीट मूळ स्टेशनापासून काढायचं आणि चढायचं स्टेशन तुमचं टाकायचं. थोडं भाडं जास्त पडतं, पण मोठ्या कोट्यात नाव जातं. एकदा चढायचं स्टेशन बदललं की मूळ स्टेशनावरून चढायचा हक्क उरत नाही.

आरएसी असेल तर बिनधास्त निघा. गाडीत प्रवेश नक्की आहे, फक्त साइड लोअरवर दोघांनी बसायचं, आणि वाटेत कुणी आलं नाही तर पूर्ण बर्थ मिळतो. वेटिंगच राहिलं तर मात्र आरक्षित डब्यात चढू नका. ऑनलाइन तिकीट चार्ट लागताच आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवर काढलेलं तिकीट स्वतः रद्द करावं लागतं, तेही गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत. पहिला चार्ट आता पूर्वीसारखा चार तास आधी लागत नाही, कितीतरी आधी लागतो. रात्रीच्या गाडीचं काय झालं ते दुपारीच कळतं. त्यानंतर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये मिळतात. आठवड्याच्या मधल्या वारी हा मार्ग पुष्कळदा चालून जातो.

वर्गाबद्दल थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत मनमाडच्या पुढे भुसावळ-विदर्भाकडे जाताना स्लीपरमध्ये थंडी हाडात शिरते, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच मार्गावर उकाडा. तेव्हा थ्री एसीचे पैसे सार्थकी लागतात. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्लीपरइतका सुखाचा प्रवास नाही. थ्री एसी इकॉनॉमी, म्हणजे एम अक्षराचे डबे, यांत त्याच लांबीत जास्त बर्थ बसवलेले असतात, म्हणून समोरासमोरचं अंतर कमी. झोपायला फरक पडत नाही, बसायला पडतो.

सोबत काय घ्यायचं

एसीत दोन चादरी, उशी, पांघरूण आणि छोटा टॉवेल मिळतो. स्लीपरमध्ये काहीच मिळत नाही. स्लीपरसाठी एक पातळ चादर अंथरायला आणि एक सोलापुरी पांघरायला, थंडीत वर शाल आणि कानटोपी. हवेची उशी फुगवताना पूर्ण भरू नका, पाऊण भरली की मान आखडत नाही. सामान बांधायला मीटरभर साखळी आणि छोटं कुलूप, अंधारात चालायला रबरी चप्पल, एक लिटर पाणी, साबणाचा कागद किंवा छोटी वडी, कानात घालायचे बोळे. रात्रीची औषधं मोठ्या बॅगेत ठेवू नका, ती खाली बांधलेली असते.

मोफत सामानाची मर्यादा स्लीपर आणि थ्री एसीत ४० किलो, टू एसीत ५०, फर्स्ट एसीत ७०. वजन सहसा कुणी करत नाही, खरी अडचण उंचीची असते. नियमात पेटीचा आकार १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे, आणि चाकांची जाडजूड मोठी सूटकेस आडवी करूनही काही बर्थखाली जात नाही. मग ती दोन बर्थच्या मध्ये उभी राहते आणि रात्री संडासला उठणारा प्रत्येक जण तिला ठेचकाळतो. दोन मऊ बॅगा एका सूटकेसपेक्षा केव्हाही बऱ्या.

जेवण कोरडं ठेवा. दशम्या आणि चटणी, मेथीचे ठेपले, पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी हे रात्रभर टिकतं आणि सांडत नाही. रस्सा गाडीच्या पहिल्याच हिसक्याला चादरीवर येतो. साडेआठपर्यंत जेवून घ्या, म्हणजे दहाला आडवं होताना पोट जड नसतं.

चढल्यावरची पहिली वीस मिनिटं

डबा फलाटावर कुठे येईल ते इंडिकेटरवर आणि रेल्वेच्या अॅपवर आधी दिसतं. छोट्या स्टेशनात गाडी दोनच मिनिटं थांबते, तेव्हा आधीच त्या जागी उभं राहायचं. चुकून दुसरीकडे असाल तर जवळच्या आरक्षित डब्यात चढा आणि आतून चालत जा. जनरल डब्यातून मात्र पुढे वाट नसते, आणि एसी व स्लीपर यांच्यामधलं दार रात्री बऱ्याचदा बंद करतात, हे ध्यानात ठेवा. चढा तिकिटावरच्या स्टेशनातच. टीसीच्या हातात आता यंत्र असतं. तुम्ही आला नाहीत अशी नोंद झाली की बर्थ आरएसीवाल्याला जातो आणि पुढच्या स्टेशनात वाद घालून उपयोग होत नाही.

जागेवर पोचलात की आधी सामान. लोअर बर्थच्या खाली लोखंडी कड्या असतात, साखळी त्यांतून ओवून बॅगेच्या मुख्य मुठीतून न्या. चेनच्या छोट्या पट्ट्यातून नेली तर ती एका झटक्यात तुटते. पैसे, ओळखपत्र आणि फोन अंगावर किंवा उशीच्या खोळीत. चोरी बहुधा रात्री दोन ते चारच्या दरम्यान होते, जेव्हा डबा गाढ झोपलेला असतो. चोर एका थांब्यावर चढतो आणि पुढच्यावर उतरून जातो. बांधलेली बॅग दिसली की तो पुढच्या बर्थकडे वळतो. स्लीपरमध्ये खिडकीशी डोकं ठेवून झोपायचं असेल तर लोखंडी शटर खाली ओढा आणि खटका बसला का बघा. उघड्या खिडकीजवळ गळ्यातलं मंगळसूत्र किंवा हातातला फोन सिग्नलला थांबलेल्या गाडीतून बाहेरून ओढला जातो.

मग टीसीची वाट बघा. तिकीट दाखवून झालं की निवांत झोपता येतं. रात्री दहा ते सहा या वेळात आधीच तपासलेल्या प्रवाशांना उठवू नये असा नियम आहे, पण तुम्ही दहानंतर चढला असाल तर ते येणारच. ओळखपत्र हाताशी ठेवा.

मिडल बर्थ लावताना

मिडल बर्थ लावायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. दहाच्या आधी कुणी खालच्यांना उठवून तो लावायचा आग्रह धरू शकत नाही, आणि दहानंतर खालच्याने बसून राहायचं म्हटलं तरी चालत नाही. साइड अप्परवाल्याचाही रात्री साइड लोअरवर बसायचा हक्क संपतो.

लावायची रीत अशी. खाली बसलेल्या सगळ्यांना आधी उठवा. एकाने बर्थ पूर्ण वर उचलून धरायचा, दुसऱ्याने दोन्ही बाजूंच्या साखळ्या किंवा पट्टे अडकवायचे. जुन्या डब्यात वरच्या बर्थपासून लोंबणाऱ्या साखळीचा आकडा मिडलच्या खुंटीत जातो. नव्यात खटका असतो आणि तो बसल्याचा टक् असा आवाज येतो. मग चढायच्या आधी दोन्ही टोकांवर हाताने जोर देऊन दाबा. एकच बाजू नीट अडकलेली असते आणि दुसरी अर्धवट, हा नेहमीचा घोटाळा. बर्थ आडवा टिकून राहतो, पण वर माणूस वळला की सुटतो. जून २०२४ मध्ये मिलेनियम एक्सप्रेसमध्ये वरचा बर्थ अंगावर पडून खाली झोपलेला प्रवासी दगावला; साखळी नीट अडकवली नव्हती असं रेल्वेने सांगितलं. हा अर्ध्या मिनिटाचा तपास कधीही टाळू नका. साखळी तुटकी किंवा खुंटी वाकलेली दिसली तर तो बर्थ लावूच नका, टीसीला बोलावून दुसरी जागा मागा.

झोप

एसीतल्या चादरी दर फेरीनंतर धुतात, पांघरुणं तशी धुतली जात नाहीत. महिन्यातून किमान एकदा धुतो असं रेल्वेचंच म्हणणं आहे. म्हणूनच दुसरी चादर दिलेली असते. एक खाली अंथरा, दुसरी अंगावर घ्या आणि पांघरूण तिच्या वरून, तोंडाकडची कड चादरीने दुमडून. कागदी पाकीट फुटलेलं किंवा चादर ओलसर असेल तर लगेच बदलून मागा. अकरानंतर अटेंडंट सापडत नाही. अप्परवर झोत लागत असेल तर पाय झोताकडे करा. गारठा जास्तच असेल तर तापमान वाढवायला अटेंडंटला सांगता येतं, ते त्याचं कामच आहे.

फोन रात्री अकराच्या आधी भरून घ्या. आगीच्या भीतीने काही गाड्यांत अकरा ते पाच चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. बोलताना आवाज कमी, गाणी कानात, दहाला दिवा बंद. हे सौजन्य तर आहेच, पण नियमही आहे. लहान मुलाला लोअरवर भिंतीच्या बाजूला आणि आईला बाहेरच्या बाजूला झोपवा. अप्परवर मूल एकटं ठेवू नका, तिथली आडवी दांडी एवढ्याशा शरीराला अडवत नाही.

गाडी मध्येच बराच वेळ थांबली म्हणून घाबरायचं कारण नाही. मुंबईहून पुण्याकडे जाताना कर्जतला आणि नाशिककडे जाताना कसाऱ्याला, घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं लागतात. जोडताना बसणारा धक्का त्याचाच.

संडासला जायचं ते पहाटे पाचच्या आत. साडेपाचनंतर रांग लागते. बायो-टॉयलेटात बाटली, पॅड, कागदाचा बोळा टाकला की तो तुंबतो आणि पूर्ण डब्याची सकाळ नासते; बाजूला कचऱ्याचा डबा असतो. पाणी संपलं तर १३९ ला किंवा रेलमदद अॅपवर पीएनआर आणि डब्याचा नंबर देऊन तक्रार करा. पाणी ठरावीक स्टेशनांतच भरलं जातं, म्हणून ते स्टेशन यायच्या आधी तक्रार पोचली पाहिजे. उशीर केला की पुढचं पाण्याचं स्टेशन बरंच लांब असतं.

चोरी झाली, कुणी त्रास दिला, तरीही नंबर १३९. तक्रार द्यायला गाडीतून उतरायची गरज नसते. फॉर्म टीसीकडे किंवा गाडीबरोबरच्या लोहमार्ग पोलिसांकडे मिळतो, चालत्या गाडीत भरून देता येतो. एकट्या बाईला शेजारचा प्रवासी खटकत असेल तर टीसीला स्पष्ट सांगून जागा बदलून मागावी, त्यात संकोच नको. अनोळखी माणसाने दिलेला चहा-बिस्किट कितीही प्रेमाने आलं तरी घेऊ नका.

गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जायचंच रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत मिळतात. अट एकच: ती गाडी तुमच्या स्टेशनातून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरलेला हवा.

उतरताना

गजर पोचायच्या ४० मिनिटं आधीचा लावा, पण वेळापत्रकातल्या वेळेवरून नव्हे. झोपताना गाडी किती उशिरा धावते आहे ते बघा, आणि तो उशीर पूर्ण धरू नका; शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात सैल मिनिटं ठेवलेली असतात, तासभर उशिरा असलेली गाडीही पहाटेपर्यंत अर्धा तास भरून काढते. १३९ वर पीएनआर देऊन उठवायचा फोनही मागवता येतो. तो जास्तीचा आधार म्हणून ठेवा, गजराच्या जागी नको.

उठल्यावर आधी साखळी सोडा, मग चादर गुंडाळा, फोनचा चार्जर आणि चष्मा शोधा; सर्वांत जास्त विसरतात त्या याच दोन गोष्टी. दहा मिनिटं आधी सामान दाराकडे न्या, पण दार गाडी थांबेपर्यंत बंद राहू दे. फलाट कोणत्या बाजूला येतो ते आधी विचारून ठेवा. छोट्या स्टेशनांत फलाट आखूड असतो आणि शेवटचे डबे त्याच्या बाहेर थांबतात; अशा वेळी आतून दोन डबे पुढे चालत जाऊन उतरा, अंधारात खडीवर उडी मारू नका.

झोपेत स्टेशन मागे गेलं तर साखळी ओढू नका. पुरेसं कारण नसताना ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. टीसीला गाठा, पुढच्या थांब्यापर्यंतचं जादा भाडं भरा आणि तिथून परतीची गाडी पकडा.

पहाटे चारला उतरून एसटी किंवा रिक्षा मिळत नसेल तर स्टेशनाबाहेर ताटकळू नका. तिकीट दाखवून प्रतीक्षालयात बसता येतं. मोठ्या स्टेशनांत विश्रामगृहाच्या खोल्या आणि डॉर्मिटरीतल्या खाटा पीएनआरवर मिळतात, त्यासाठी तिकीट पक्कं किंवा आरएसी असावं लागतं. आयआरसीटीसीवर त्या आधीच राखून ठेवा. पहाटे खिडकीवर विचारलं तर सोलापूर-नागपूरसारख्या ठिकाणी बहुधा सगळ्या भरलेल्या असतात.